कशाचे टक्के? रुग्णनोंदींवरून टक्केवारी काढण्याची रीत

महिनाअखेरीला कोकणातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात, तरी टेबलावर उपकेंद्रांतून आलेल्या नोंदवह्यांची चवड दिसते. पावसाळ्यात त्यांची पाने दमट होऊन एकमेकांना चिकटलेली असतात, वीज गेलेली असली तर इन्व्हर्टरवर एकच संगणक चालू असतो, आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस मासिक अहवालातला टक्क्यांचा रकाना भरत असतो. त्याचा भागाकार सहसा चुकत नाही, कारण तो मोबाइल करून देतो. चुकतो तो भागाकाराच्या आधीचा निर्णय, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्याने भागायचे हा. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावांमध्ये आरोग्य सहाय्यक म्हणून काम करताना मी असे अहवाल पुष्कळ वर्षे भरले, काही चुकीचेही भरले, आणि आता नव्याने रुजू होणाऱ्या आरोग्यसेविकांना हेच काम शिकवतो. त्यामुळे या लेखात सूत्र थोडक्यात येईल आणि छेदाविषयी बरेच काही येईल. उदाहरणांतील रुग्णांचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. जनगणनेचे आकडे मात्र खरे आहेत.

सूत्र आणि तोंडी पडताळा

ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्यांची संख्या हा अंश, ज्यांच्यापैकी ते निवडले त्यांची संख्या हा छेद. अंशाला छेदाने भागून शंभराने गुणले की टक्के मिळतात. एका महिन्यात बाह्यरुग्ण विभागात ८५० केसपेपर निघाले आणि त्यांतले ११९ तापाचे असले, तर ११९ भागिले ८५० म्हणजे ०.१४, म्हणजेच १४ टक्के. जुनी माणसे याला ‘शेकडा चौदा’ म्हणत, आणि तो शब्द मला अजून अधिक पसंत आहे, कारण ‘शेकडा’ म्हटले की ‘कसला शेकडा’ हा प्रश्न आपोआप मनात येतो.

यंत्राने दिलेले उत्तर तोंडी पडताळून पाहण्याची सवय असावी. ८५० चे दहा टक्के ८५, एक टक्का साडेआठ, चार टक्के ३४. ८५ आणि ३४ मिळून ११९. दहा टक्के आणि एक टक्का एवढे दोन आकडे मनात धरले, तर बोट चुकून एखादे शून्य जास्त पडल्याची चूक जागच्या जागी पकडता येते.

आता त्याच ८५० कडे जरा निरखून पाहू. ते ८५० रुग्ण आहेत की ८५० भेटी? नोंदवहीत नवे ६१० आणि फेरतपासणीचे २४० असे वेगळे लिहिलेले असते. तापाचा रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा येतो, ताप उतरला नाही तर पाचव्या दिवशीही येतो, आणि प्रत्येक वेळी त्याची एक ओळ वाढते. ११९ ओळींमागे माणसे ७९ च असली, तर भेटींपैकी तापाच्या भेटी १४ टक्के, आणि माणसांपैकी तापाची माणसे ७९ भागिले ६१०, म्हणजे १३ टक्के. ही दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. औषधाचा साठा किती लागेल हे ठरवायचे असेल तर भेटी मोजाव्यात; गावात आजार किती पसरला आहे हे पाहायचे असेल तर माणसे मोजावीत. चूक होते ती अंशात भेटी आणि छेदात माणसे घेतली की. ११९ भागिले ६१० केले तर १९.५ टक्के येतात, आणि हा आकडा कशाचाच नसतो. अंश आणि छेद एकाच जातीचे असावेत, अंशातला प्रत्येक जण छेदात मोजलेला असावा, आणि दोघांचा कालावधी व परिसर एकच असावा, एवढे तपासले की निम्म्या चुका टळतात.

लावणीच्या दिवसांतला ताप

छेद बदलला की अर्थ कसा बदलतो, हे लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, नोंदींइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. जुलैत भातलावणी सुरू होते, माणसे दिवसभर चिखलात अनवाणी उभी असतात, पायाला तरव्याच्या मुळांनी आणि दगडांनी बारीक जखमा झालेल्या असतात, आणि उंदरांच्या व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायराचे जंतू त्या जखमांवाटे शरीरात शिरतात. त्यामुळे तापाचा रुग्ण आला की ‘मळ्यात उतरला होतात का’ हे विचारून केसपेपरवर लिहिण्याची पद्धत आहे.

समजा, जुलै-ऑगस्टमध्ये तापाचे २४० रुग्ण आले. त्यांपैकी १५० जण शेतात उतरले होते, ९० उतरले नव्हते. लक्षणांवरून संशय आलेल्या ९६ जणांची तपासणी केली: शेतात उतरलेले ७२ आणि न उतरलेले २४. शेतात उतरलेल्यांमध्ये १८ आणि न उतरलेल्यांमध्ये ३ असे एकूण २१ जणांचे निदान लेप्टो आले. या पाच-सहा आकड्यांतून किती प्रकारचे टक्के निघतात ते पाहा.

तपासलेल्यांपैकी बाधित: २१ भागिले ९६, म्हणजे २१.९ टक्के. तापाच्या सर्व रुग्णांपैकी निदान झालेले: २१ भागिले २४०, म्हणजे ८.८ टक्के. दुसरा आकडा लिहिताना ‘तापाच्या रुग्णांपैकी ८.८ टक्क्यांना लेप्टो झाला’ असे म्हणता येत नाही, कारण १४४ जणांची तपासणीच झालेली नाही. ‘तापाच्या रुग्णांपैकी ८.८ टक्क्यांत लेप्टोचे निदान झाले’ एवढेच म्हणता येते. पहिल्या आकड्यालाही मर्यादा आहे. ते ९६ जण सरसकट निवडलेले नाहीत, ज्यांच्यावर संशय होता तेच निवडलेले आहेत, म्हणून २१.९ हा गावातल्या एकूण तापाला लागू पडत नाही. शिवाय रक्तातील प्रतिपिंडे पाहणारी झटपट चाचणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा नकारात्मक येते, त्यामुळे रुग्ण कितव्या दिवशी तपासला हे माहीत नसेल तर हा आकडा जरा सांभाळूनच वापरावा.

आता खरी मेख. बाधित २१ पैकी शेतात उतरलेले १८, म्हणजे ८५.७ टक्के. हा आकडा डोळ्यांत भरतो, आणि दुसऱ्या दिवशी गावात बोलणे सुरू होते की शेतात उतरणाऱ्या शंभरांतल्या शहाऐंशी जणांना लेप्टो होतो. प्रत्यक्षात शेतात उतरलेल्या ७२ तपासलेल्यांपैकी बाधित १८, म्हणजे २५ टक्के. ‘बाधितांपैकी शेतकरी किती’ आणि ‘शेतकऱ्यांपैकी बाधित किती’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत, ‘पैकी’ची जागा तेवढी बदलली आहे. मराठीत ही एक सोय मोठी आहे: ‘पैकी’ ज्या शब्दाला चिकटतो तो छेद. टक्के लिहिण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणावे आणि ‘पैकी’ कुठे आहे ते पाहावे. त्या शब्दाची संख्याच छेदात टाकली आहे ना, हे बघावे.

शेतात उतरण्याने धोका वाढतो का, हे ८५.७ या आकड्यावरून कळतच नाही. लावणीच्या दिवसांत जवळजवळ सगळे गाव शेतात असते, तेव्हा कोणत्याही आजाराच्या रुग्णांमध्ये शेतात उतरलेलेच जास्त सापडतील. मोतीबिंदूच्या रुग्णांमध्येही सापडतील. त्यासाठी दोन गट शेजारी ठेवावे लागतात: उतरलेल्या ७२ पैकी १८, म्हणजे २५ टक्के; न उतरलेल्या २४ पैकी ३, म्हणजे १२.५ टक्के. तपासलेल्यांपुरते बोलायचे तर पहिल्या गटातले प्रमाण दुसऱ्याच्या दुप्पट आहे. दोन टक्केवारींमधला फरक १२.५ आहे, पण दुसऱ्या गटाच्या मानाने पहिल्यातले प्रमाण १०० टक्क्यांनी जास्त आहे. ‘इतक्या टक्क्यांनी जास्त’ असे लिहिले की वाचणारा यांपैकी कोणता अर्थ घेईल याचा भरवसा नसतो. म्हणून मी अहवालात ‘१२.५ वरून २५ टक्के’ असे दोन्ही आकडे लिहितो आणि वाद संपवतो.

तक्ता करताना त्यात ओळीची बेरीज आणि रकान्याची बेरीज दोन्ही लिहावी. ओळीच्या बेरजेने भागले की एक टक्केवारी निघते, रकान्याच्या बेरजेने भागले की दुसरी. कोणती लिहिली ते तक्त्याच्या डोक्यावर शब्दांत लिहावे, नाहीतर पुढच्या वर्षी ते आपल्यालाच आठवत नाही.

माहेरवाशिणीचे बाळ कोणत्या गावात मोजायचे?

कोकणात छेद हाताला सहज लागत नाही, याचे कारण माणसे एका जागी राहत नाहीत. तरुण मुंबईला, म्हातारी माणसे गावात, गणपतीला आणि शिमग्याला घर भरलेले, एरवी कुलूप. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. याचे टक्के करताना पुष्कळ जण १,१२२ ला हजाराने भागतात आणि ११२ टक्के असे विचित्र उत्तर काढतात. हे गुणोत्तर आहे. लोकसंख्येतला स्त्रियांचा वाटा हवा असेल तर छेदात दोघेही यायला हवेत: १,१२२ भागिले २,१२२, म्हणजे ५२.९ टक्के. सिंधुदुर्गासाठी हेच ५०.९ येते. बाह्यरुग्ण विभागात ५३ टक्के स्त्रिया दिसल्या म्हणून स्त्रिया जास्त आजारी पडतात असा निष्कर्ष रत्नागिरीत काढता येत नाही, कारण मुळात गावात त्याच जास्त आहेत.

लोकसंख्येचा अंदाज बांधतानाही हाच पेच येतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कित्येक ठिकाणी २०११ च्या आकड्याला वाढीचा दर लावून चालू वर्षाची लोकसंख्या काढत राहावे लागले. आता २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली, पण रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. घट ८१,७०८ ची. तिला २००१ च्या आकड्याने भागले की ४.८ टक्के. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला, म्हणजे २.२ टक्के घट. समजा, २०११ मध्ये ४,००० वस्ती असलेल्या एखाद्या गावाला राज्याचा दर लावला, तर दहा वर्षांनी कागदावर ४,६४० माणसे होतात. जिल्ह्याचा कल तसाच पुढे चालला असे धरले तर ३,८०७ होतात. काम तेवढेच करूनही पहिल्या छेदाने टक्केवारी खाली जाते आणि आढावा बैठकीत आरोग्यसेविका उभी राहून बोलणी खाते. मी असे एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. तिच्या गावात नसलेली आठशे माणसे तिने तपासली नाहीत, एवढाच तिचा गुन्हा होता. म्हणून शक्य असेल तेथे आशाताईंनी घरोघर केलेल्या सर्वेक्षणाचा आकडा छेदात घ्यावा आणि तो कोणत्या महिन्यातला आहे ते लिहावे. गणपतीच्या आठवड्यात केलेले सर्वेक्षण छेदासाठी निरुपयोगी असते, हे सांगायला नकोच.

याच्या उलट गंमत लसीकरणात होते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, बाळाच्या पहिल्या लसी माहेरच्या उपकेंद्रात होतात, आणि दोन-तीन महिन्यांनी ती मुंबईला किंवा पुण्याला परतते. समजा, उपकेंद्राला वर्षाचे उद्दिष्ट ६४ बाळांचे दिले होते आणि पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस ७१ बाळांना दिला गेला. ७१ भागिले ६४, म्हणजे ११०.९ टक्के. शंभरावर आकडा गेला की कौतुक तरी होते किंवा संशय तरी घेतला जातो. खरे तर ‘अंशातली काही बाळे छेदात नाहीत’ एवढेच तो आकडा सांगत असतो.

पेंटाचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला असतात. तिसरा डोस ६० बाळांना दिला. गळतीचे सूत्र असे: पहिला डोस घेतलेल्यांतून तिसरा घेतलेले वजा करावेत आणि उरलेल्या संख्येला पहिल्या डोसच्या संख्येने भागावे. ११ भागिले ७१, म्हणजे १५.५ टक्के गळती. हा आकडा तसाच वर पाठवला, तर उपकेंद्रात पाठपुरावा होत नाही असा अर्थ निघतो. पण नोंदवहीत पत्त्याचा रकाना आहे, तो उघडून पाहावा. ७१ पैकी ५४ बाळे गावातच राहणारी होती आणि त्यांतल्या ५२ बाळांना तिसरा डोस मिळाला. गळती २ भागिले ५४, म्हणजे ३.७ टक्के. उरलेली १७ माहेरवाशिणींची. त्यांतली ९ बाळे तिसऱ्या डोसच्या आधी गेली, म्हणजे ५२.९ टक्के. ही नऊ बाळे लसीवाचून राहिली असे समजू नये. आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो मागवला, तर त्यांतल्या बऱ्याच जणांची पुढची लस दुसरीकडे झालेली आढळते. एकच आकडा दोन गटांत फोडल्यावर उपकेंद्राचे काम आणि गावाची रीत या दोन गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. माझ्या मते अहवालात एकूण आकड्याच्या शेजारी हे दोन आकडेही असायला हवेत, भले त्यासाठी छापील नमुन्यात जागा नसो; शेरा लिहायला जागा असतेच.

टक्क्यांची सरासरी काढू नये

तीन उपकेंद्रांत ३० वर्षांवरील माणसांचा रक्तदाब तपासला. पहिल्यात ४० पैकी १८ जणांचा जास्त निघाला, म्हणजे ४५ टक्के. दुसऱ्यात ३१० पैकी ६२, म्हणजे २० टक्के. तिसऱ्यात १५० पैकी ३३, म्हणजे २२ टक्के. ४५, २० आणि २२ यांची बेरीज ८७, तिला तीनने भागले की २९ टक्के. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका अहवालात मी हीच रीत वापरली होती, आणि अहवाल लाल शाईने रंगून परत आला. बरोबर रीत अशी, की माणसांची बेरीज माणसांशी करावी: जास्त रक्तदाबाचे १८, ६२ आणि ३३ मिळून ११३, तपासलेले ४०, ३१० आणि १५० मिळून ५००, ११३ भागिले ५००, म्हणजे २२.६ टक्के. चाळीस माणसांच्या उपकेंद्राला तीनशे दहा माणसांच्या उपकेंद्राइतके वजन दिल्यामुळे पहिले उत्तर फुगले होते.

पहिल्या उपकेंद्रात ४५ टक्के का आले, हाही प्रश्न विचारावा. बहुधा तेथे डोकेदुखी आणि चक्कर यांसाठी स्वतःहून आलेली माणसेच तपासली गेली असतील, आणि दुसऱ्यात वाडीवाडीवर जाऊन तपासणी झाली असेल. तसे असेल तर ते दोन आकडे एका ओळीत मांडण्याजोगेच नाहीत.

पाया कोणता?

वाढ किंवा घट काढताना नेहमी आधीच्या आकड्याने भागावे. बाळंतपणाच्या खोलीतले उदाहरण घेऊ. जन्मवजन २,९०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २,६८० ग्रॅम. घट २२० ग्रॅम. २२० भागिले २,९००, म्हणजे ७.६ टक्के. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच, पण घट दहा टक्क्यांकडे सरकू लागली की स्तनपान नीट होते आहे का हे तातडीने पाहावे लागते आणि डॉक्टरांना कळवावे लागते. येथे पाया चुकून चालत नाही. कोणी २२० ला २,६८० ने भागले तर ८.२ टक्के येतात. शिवाय ७.६ टक्के घटलेले वजन ७.६ टक्के वाढले तरी मूळ जागी येत नाही. २,६८० चे ७.६ टक्के म्हणजे २०४ ग्रॅमच होतात. वजन रोज करताना काटा एकच असावा, आणि दुपटे काढून वजन करावे. एका जाड दुपट्याने सगळे गणित वाया जाते.

मृत्यूचे टक्के

विंचूदंशाचा विषय निघाला की महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव येणारच. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि पुढे प्राझोसीन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीच्या वापराने अशा रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचाराने काही फरक पडला हे दाखवायला केसपेपरवरच्या नोंदीच कामी आल्या.

मृत्यूचे प्रमाण काढायचे तर मृत्यूंना रुग्णसंख्येने भागायचे, एवढे सोपे दिसते. समजा, एका हंगामात विंचू चावलेले ६४ जण आले आणि २ दगावले, प्रमाण ३.१ टक्के. पण त्या ६४ मध्ये नुसती जागेवर वेदना असलेले बरेच असतात. भरपूर घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी गंभीर लक्षणे असलेले १६ च असतील आणि दोन्ही मृत्यू त्यांतलेच असतील, तर गंभीर रुग्णांतले प्रमाण १२.५ टक्के. एका दवाखान्याने पहिला छेद घेतला आणि दुसऱ्याने दुसरा, तर त्यांची तुलना होऊ शकत नाही. वाटेतच दगावलेला माणूस अंशात नसतो, घरीच पाला बांधून बरा झालेला छेदात नसतो, आणि जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्याचे पुढे काय झाले हे फोन करून विचारले नाही तर तो नुसताच हवेत राहतो. पाठवलेले किती आणि त्यांपैकी किती जणांची खबर मिळाली, हे वेगळे लिहावे. खबर न मिळालेल्यांना ‘बरे झाले’ या रकान्यात ढकलण्याचा मोह टाळावा.

टक्का फार लहान असेल तर दर हजारी किंवा दर लाखी मोजावे. हिवतापासाठी घेतलेल्या १,२०० रक्तनमुन्यांत ३ दूषित निघाले, तर ०.२५ टक्के म्हणण्यापेक्षा दर हजारी २.५ म्हणणे कानाला सोपे जाते. बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे आणि मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. मातामृत्यूचा छेद जिवंत जन्मांचा असतो, गरोदर मातांचा नसतो, हे नवीन माणसाच्या लक्षात राहत नाही.

रिकामे रकाने, लहान आकडे आणि संगणक

उपकेंद्रात ४८ गरोदर मातांची नोंद आहे, ४१ जणींचे हिमोग्लोबिन लिहिलेले आहे, आणि २३ जणींचे ११ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे रक्तक्षय दाखवणारे, आहे. २३ भागिले ४८ केले तर ४७.९ टक्के, २३ भागिले ४१ केले तर ५६.१ टक्के. पहिल्या उत्तरात आपण न तपासलेल्या सात जणींना नकळत निरोगी ठरवलेले असते. तपासलेल्यांनीच भागावे, आणि तपासणी किती जणींची झाली हेही सांगावे: ४१ भागिले ४८, म्हणजे ८५.४ टक्के. त्या ४१ मध्ये ७ ग्रॅमपेक्षा कमी असलेली एकच असेल, तर ‘२.४ टक्के’ असे लिहू नये. ती एक बाई आहे. तिला कोणत्या गाडीने, कोणत्या रुग्णालयात आणि कधी पाठवले हे लिहावे.

छेद वीस-पंचवीसच्या आत असेल तर टक्के टाळून ‘सातपैकी तीन’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते. एक माणूस इकडचा तिकडे झाला की तेथे टक्केवारी चारपासून पंधरापर्यंत उडी मारते, आणि वाचणाऱ्याला वाटते की गावात साथ आली.

पूर्णांकन शेवटी एकदाच करावे आणि दशांशानंतर एकच आकडा ठेवावा, ५६.०९७६ असे लिहिल्याने मोजमाप अधिक अचूक होत नाही. अशा पूर्णांकनामुळे रकान्याची बेरीज कधी ९९.९ येते, कधी १००.१, ती जुळवण्यासाठी एखादा आकडा गुपचूप बदलू नये. मात्र एकाच रुग्णाला दोन लक्षणे असू शकतात अशा तक्त्यात बेरीज शंभराच्या बरीच वर गेली तरी चूक नसते. ताप आणि खोकला दोन्ही असलेला माणूस दोन्ही ओळींत येणारच.

एक्सेलमध्ये दोन चुका वारंवार दिसतात. घराला (सेलला) टक्क्यांचे रूप दिलेले असताना सूत्रातही शंभराने गुणले, तर २१.९ च्या जागी २,१८७.५ टक्के दिसतात. दोहोंपैकी एकच करावे. आणि सूत्र खाली ओढताना छेदाचे घरही एकेक ओळ खाली सरकते, म्हणून एकूण बेरजेचे घर डॉलरच्या खुणेने पक्के करावे. रिकामे घर आणि शून्य यांत फरक ठेवावा: तपासणी झाली आणि कोणी सापडले नाही तर शून्य लिहावे, तपासणीच झाली नाही तर ‘तपासणी नाही’ असे लिहावे.

अहवालात वाक्य कसे उतरावे त्याचा नमुना देतो. ‘जुलै-ऑगस्टमध्ये तापाचे २४० रुग्ण आले, त्यांपैकी संशयित ९६ जणांची लेप्टोसाठी तपासणी झाली (४० टक्के), तपासलेल्या ९६ पैकी २१ बाधित आढळले (२१.९ टक्के), बाधितांपैकी १८ जण लावणीसाठी शेतात उतरले होते, तपासणी न झालेल्या १४४ जणांविषयी निष्कर्ष काढलेला नाही.’ वाक्य लांबते खरे, पण तालुक्याहून फोन आला तर नोंदवही पुन्हा उघडावी लागत नाही.